चाक तिथंच संपतं

ऐक. नाही, आधी तो फोन पालथा ठेव आणि फक्त ऐक. मध्ये "मग? मग?" करायचं नाही, मी सांगतेच आहे ना.

तर भिंगरी. खरं नाव जाऊ दे, घरात कुणी तिला त्या नावानं हाक मारत नाही. चहाचा कप हातात घेऊन जिना उतरणारी, चप्पल घालता घालता फोनवर भांडणारी, बसली तरी जिचा एक पाय हलतच असतो अशी मुलगी, म्हणून भिंगरी. नाव ठेवलं तिच्या आत्यानं. आणि आत्या म्हणजे साधीसुधी आत्या नाही हं, फोटोवाली आत्या. त्यांच्याकडचं ते जुनं नाट्यगृह आहे ना, त्याच्या बाहेरच्या दालनात भिंतभर नाटकांची पोस्टरं लावलीत, त्यातल्या बहुतेक सगळ्यांवरचे फोटो आत्याचे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचं नाव. तिथं सगळेच तिला आत्या म्हणतात, अगदी पडदा ओढणारे आजोबासुद्धा, जे तिच्यापेक्षा मोठे आहेत.

आता आत्याचा एक नियम होता, तो लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे. नियम असा, की फोटोखाली माझं नाव असेल तर त्या माणसाच्या पापण्या मोजता आल्या पाहिजेत. नाही मोजता आल्या, फोटो फाडायचा. स्वतःचा असला तरी, घरच्यांचा असला तरी. भिंगरीचा दादा पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हाचा फोटो जरा हलला होता, तर बाईनं सगळ्यांसमोर टराटरा फाडला. "धूसर फोटो म्हणजे अर्धवट बोललेलं वाक्य," म्हणे. दादा अजून ते उगाळतो. "माझ्या आयुष्यातला तो दिवस आत्यानं कचऱ्यात टाकला."

भिंगरी आत्याची मदतनीस. कॉलेज संपल्यापासून आत्याच्या मागे पिशवी घेऊन फिरणार, शिकणार, बोलणी खाणार आणि खूश असणार. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं.

आणि एक दिवस आत्याचा कॅमेरा गेला. म्हणजे चोरीला नाही, मेला. बटण दाबलं की आत नुसतं कुरकुर करून गप्प. आता धंद्यात काय म्हणतात, लेन्स काढून जो नुसता कॅमेरा उरतो ना, त्याला म्हणतात बॉडी. तर भिंगरीनं घाईघाईत घरी मेसेज टाकला, "आत्याची बॉडी गेली, येते उशिरा." आईनं तो वाचला आणि किंकाळी फोडली. अर्ध्या तासात सगळं खानदान आत्याच्या दारात. आणि दार उघडलं कुणी? आत्यानं! हातात झाडू. "काय रे, कोण मेलंय?"

हसू नकोस, पुढचं गंभीर आहे.

कॅमेरा गेला, पण लेन्स होत्या. तीन. आत्यानं त्यांना नावं दिली होती, माणसांसारखी. एक लांबडी, दुरून चेहरे टिपणारी. एक बुटकी, चिमुकली, पण अंधारातही बघणारी. आणि तिसरी म्हातारी. सगळी धातूची, वजनदार, हातानंच फिरवायची. ती आत्याला तिच्या बाबांनी दिलेली, म्हणजे भिंगरीच्या आजोबांनी. आत्या ती कुणाला पुसायलासुद्धा द्यायची नाही. तर आता कॅमेरा असा हवा, की या तिघी त्याच्यावर बसतील.

दादा म्हणाला, "विका ना त्या. नवा डीएसएलआर घ्या, त्याच्याबरोबर लेन्स येतेच. नाल सापडली म्हणून घोडा घेणाऱ्यातल्या तुम्ही."

"नाल नाही रे," आत्या म्हणाली, "तीन पाय आहेत माझ्याकडे घोड्याचे. चौथा आणायचाय फक्त. तू गप्प बस, तुला पापण्या नाहीत."

आणि घाई होती. नव्या नाटकाची रंगीत तालीम शुक्रवारी, पोस्टर त्यातूनच निघणार, आणि दिग्दर्शक नवा. पोरगेलासा. हुशार होता, वाईट नव्हता, पण आधीच एकदा बोलून गेला होता, "आत्या, तुम्हाला दगदग होत असेल तर माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे." त्यावर आत्या म्हणाली होती, "मी दमले की सांगेन. तोवर तुझा मुलगा बसून बसून दमेल." सगळे हसले. भिंगरी हसली नाही.

मग त्या दोघी गेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात. गल्लीच्या टोकाला, दोन पायऱ्या उतरून, काचेच्या कपाटांत कॅमेरे रांगेनं बसलेले, जसे काही फोटो काढून घ्यायलाच आलेत. दुकानवाले काका आत्याला कित्येक वर्षं ओळखणारे. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावूनच बोलतात, त्यामुळे त्यांचा एक डोळा कायम बशीएवढा दिसतो.

त्यांनी तिघींना उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या घोड्यात एक गोम आहे."

गोम अशी. ऐक नीट, फार सोपं आहे. हल्लीच्या लेन्समध्ये फोकस लावणारी मोटर लेन्सच्या पोटातच असते. आत्याच्या लेन्स जुन्या, त्यांच्या पोटात काही नाही. त्यांना मोटर कॅमेऱ्याकडून उसनी मिळते. कॅमेऱ्याच्या तोंडाशी स्क्रू ड्रायव्हरसारखं एक बारीक टोक असतं, ते लेन्सच्या मागच्या खाचेत बसतं आणि गरागरा फिरवतं. पण सगळ्या कॅमेऱ्यांत ते टोक नसतं! काकांकडे आत्याच्या लेन्स बसतील असे दोनच कॅमेरे होते. एक छोटा, हलका, नवाकोरा, पण त्यात मोटर नाही. म्हणजे फोकस हातानं. दुसरा मोठा, वापरलेला, रबर थोडं सुटलेलं, पण मोटर ठणठणीत.

"मग मोठा!" भिंगरी लगेच म्हणाली.

"थांब की बाळा," काका म्हणाले. "मोठ्याला इथं कडेला हे बारीक नाक आहे, दिसतं का? म्हातारी याच्यावर चढवलीत तर तिची मागची कड या नाकावर आपटणार आणि नाक मोडणार. छोट्याला नाकच नाही, तिथं म्हातारी सुखानं बसेल."

झालं! इकडे आड तिकडे विहीर. छोटा घेतला तर तिघी बसतात, पण सगळं हातानं. मोठा घेतला तर लांबडी आणि बुटकी आपोआप फोकस लावतात, पण म्हातारी कायमची कपाटात. भावात फारसा फरक नव्हता, म्हणून पैशाकडे बघून ठरवायचीही सोय नाही.

"छोटा," आत्या म्हणाली. विचारसुद्धा न करता. "मोटरचं काय लोणचं घालायचंय? ही दोन बोटं म्हणजे माझी मोटर."

काकांनी भिंगातला डोळा एकदा आत्याकडे फिरवला, एकदा भिंगरीकडे. मग म्हणाले, "असं करा, दोन्ही घेऊन जा. दुपारची तालीम आहे ना? वापरून बघा. संध्याकाळी एक परत आणा."

म्हणून त्या दुपारी दोघी नाट्यगृहात. आत्याकडे छोटा आणि म्हातारी, भिंगरीकडे मोठा आणि लांबडी. साधी तालीम होती, कलाकार घरच्या कपड्यांत, पण दिवे खरे. आत्या पहिल्या रांगेत बसली, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि अगं, तिचं ते बसणं बघण्यासारखं असतं. पाठ ताठ, कोपर पोटाशी, डाव्या हाताची दोन बोटं लेन्सवर अशी सरकतात जशी कुणी झोपलेल्या मांजराला खाजवतंय. क्लिक. थांब. क्लिक. भिंगरीच्या हातातला मोठा मात्र दर वेळी खर्र, खर्र करत फोकस शोधणार. आत्या न बघताच म्हणाली, "पिठाची गिरणी आणलीस वाटतं."

मध्यंतरात आत्या चहाला गेली आणि छोटा भिंगरीच्या मांडीवर ठेवून गेली. "बघ गं कसे आलेत, माझा चष्मा घरी राहिला."

भिंगरीनं मागच्या स्क्रीनवर फोटो उघडला. छान. नायिका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. मग तिनं तो मोठा केला, पापण्या बघायला. पापण्या नव्हत्या. डोळ्यांच्या जागी दोन मऊ डाग. आणि मागची खुर्ची? खुर्चीचे खिळेसुद्धा मोजता येत होते. पुढचा फोटो. त्यात मागचा पडदा स्वच्छ, माणूस पुसलेला. पुढचा. पुढचा. अगं एकसुद्धा नाही! पूर्ण दुपारभरात एकसुद्धा नाही!

तिला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? म्हातारी गेली. काचेत बुरशी धरली असणार. तिनं कॅमेरा स्वतःच्या डोळ्याला लावला, आणि खरंच, आत सगळं धुकं. बोटानं रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी धुकंच. आता आत्याला सांगायचं कसं, की आजोबांची लेन्स मेली? तिनं म्हातारी काढली, दिव्यासमोर धरून आरपार बघितलं. निर्मळ. विहिरीच्या पाण्यासारखी. मग बुटकी लावून बघितली. तरी धुकं.

तेव्हा तिला काय आनंद झाला! म्हणजे कॅमेराच खराब! सुटलो! संध्याकाळी काकांच्या टेबलावर आपटायचा आणि मोठा घेऊन यायचं, ना कुणाला वाईट वाटणार, ना काही. ती उठून नाचणारच होती, तेवढ्यात तिचा अंगठा लागला त्या चाकाला.

ते चाक तू बघितलं नसशील. डोळा लावायच्या जागेशेजारी असतं, डाळीच्या दाण्याएवढं. ज्याच्या त्याच्या नजरेच्या नंबरप्रमाणे ते फिरवायचं, म्हणजे चष्मा न घालता आतलं स्वच्छ दिसतं. मधोमध एक रेघ असते, दोन्हीकडे थोडं थोडं फिरतं. आणि ते चाक आत्यानं फिरवून फिरवून पार शेवटाला नेलं होतं. त्याच्या पुढे जागाच नव्हती.

भिंगरीनं ते रेघेवर आणलं. डोळा लावला. धुकं गेलं. रंगमंचावरच्या रिकाम्या खुर्चीच्या लाकडाची रेषान् रेषा दिसत होती.

लेन्स चांगली. कॅमेरा चांगला.

आणि मग बघ, माणसाचं डोकं कसं चालतं, एकामागून एक सगळं आठवायला लागलं. आत्या हल्ली बसचा नंबर विचारते. कपात चहा ओतताना कडेला बोट लावून ठेवते. मेसेज आला की "वाच गं, माझे हात ओले आहेत." हात कोरडे असतात! चष्मा रोज घरी राहतो. भिंगरी रोज बरोबर होती, रोज, आणि तिला वाटायचं आत्या आळशी झालीय. काखेत कळसा म्हणतात तो असा.

आत्या परत आली. हातात दोन कप. "कसे आलेत?"

आणि भिंगरी म्हणाली, "छान."

एवढंच. छान. तोंडातून निघून गेलं. आणि बोलताना अंगठ्यानं ते चाक हळूच पुन्हा शेवटाला नेऊन ठेवलं, जसं होतं तसं.

संध्याकाळी दुकानाकडे चालत निघाल्या. आत्या मजेत, मध्येच कुठलंतरी जुनं नाट्यगीत गुणगुणत. भिंगरी मात्र मनात हिशेब मांडत. बोललं नाही तर छोटा येणार, शुक्रवारी सगळे फोटो असेच, दिग्दर्शक ते बघणार, आणि तो ओळखीचा मुलगा सोमवारी हजर. बोललं तर? काय बोलणार? "आत्या, तुला दिसत नाही"? पापण्या मोजणाऱ्या बाईला? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. रस्ता ओलांडताना आत्यानं तिचा दंड धरला. नेहमीच धरायची. आज भिंगरीला कळलं का धरते ते.

दुकानात काका शटरची काठी हातात घेऊनच उभे. "बोला ताई. कोण राहतंय, कोण जातंय?"

"छोटा राहतोय," आत्या म्हणाली. काकांनी त्याचा खोका काढला. पट्टा गुंडाळला. झाकण लावायला घेतलं. आणि भिंगरी ओरडली. म्हणजे तिला हळू बोलायचं होतं, पण ओरडलीच.

"मोठा!"

"का?" आत्या म्हणाली.

"कारण माझं... माझं फोकस चुकतंय. हातानं जमत नाहीये मला. मला मोटर लागेल आत्या. शुक्रवारी मीपण काढणार ना, मग... मला मोटर लागेल."

काका खोक्याच्या झाकणाकडे बघत बसले. मग आत्यानं हात पुढे केला, मोठा उचलला, डोळ्याला लावला आणि कपाटातल्या कॅमेऱ्यांकडे रोखला. तिचा अंगठा गेला चाकावर. फिरवलं. आणखी फिरवलं. थांबलं.

"हे चाक याच्यापुढे फिरत नाही का हो?" तिनं विचारलं. अगदी सहज, जसं कुणी फडताळाची चावी विचारावी.

"नाही ताई," काका म्हणाले. "तिथंच संपतं."

"छोट्याचंही तिथंच संपलं," आत्या म्हणाली. तिनं कॅमेरा डोळ्यावरून काढला. "मधोमध डाग आलाय. दोन्ही डोळ्यांत. कडेकडेचं सगळं दिसतं, बघायला जावं ते नेमकं जातं. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं जात नाही ते." मग ती हसली, खरंच हसली. "चांगली लेन्स मधे स्वच्छ असते आणि कडेला मऊ. माझी कुणीतरी उलटी बसवलीय."

भिंगरी रडायला लागली. काकासुद्धा भिंग काढून पुसायला लागले, नको तेवढा वेळ.

"रडतेस काय? मोठा द्या हो," आत्या म्हणाली. मग पिशवीतून म्हातारी काढली, तिच्या फडक्यात गुंडाळलेली, आणि भिंगरीच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा. "हिला तू सांभाळ. आणि एक ऐक. तुझं फोकस कधी चुकत नाही. खोटं बोलायला तुला येत नाही, शिकूही नकोस. दुपारी 'छान' म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. यापुढे मी विचारलं की खरं सांगायचं. डोळे माझे गेलेत, कान नाही गेले. कबूल?"

"कबूल."

बघ, इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण शुक्रवार राहिला की.

शुक्रवारी रंगीत तालीम. पोशाख, दिवे, सगळं खरंखुरं, रिकाम्या खुर्च्यांसमोर. एकच कॅमेरा, दोघींत. ठरलं असं, की आत्यानं काढायचे, लागेल तिथं भिंगरीनं घ्यायचा. आणि मोटरनं काम चोख केलं! खर्र, खर्र, क्लिक. भिंगरी मागून स्क्रीनवर डोकावत होती, पापण्या होत्या, प्रत्येकात पापण्या! तिचा जीव जरा भांड्यात पडायला लागला होता.

मग आला शेवटचा प्रवेश. नायिका एकटी. बोलणं नाही, गाणं नाही, ती नुसती खिडकीपाशी येते, उभी राहते आणि दिवे हळूहळू उतरत जातात. सगळं नाट्यगृह श्वास धरून. आणि त्या शांततेत, खर्रर्र.

"ती गिरणी बंद करा कुणीतरी!" दिग्दर्शक अंधारातून ओरडला.

आत्याच्या बोटानं सवयीनं लेन्सशेजारचा खटका खाली ओढला. मोटर बंद. आता फोकस हातानं. भिंगरीनं हात पुढे केला, कॅमेरा दे म्हणून. आत्यानं दिला नाही. तिची ती दोन बोटं बुटकीवर सरकली, मांजराला खाजवल्यासारखी. क्लिक. थांब. क्लिक. दोन की तीन, एवढेच. मग तिनं कॅमेरा खाली घेतला आणि भिंगरीच्या हातात दिला. कानाशी येऊन म्हणाली, "घे. आता तुझा डोळा."

भिंगरीनं उरलेला प्रवेश काढला. चांगला काढला.

तिचा बेत साधा होता. घरी न्यायचं, आत्याचे ते हातानं काढलेले दोन-तीन धूसर फोटो बाजूला ठेवायचे, तिला खरं सांगायचं, बाकीचे द्यायचे. पण दिग्दर्शकाला धीर कुठला! पोस्टरवाला बाहेर बसलेला. त्यानं तिथल्या तिथं कार्ड मागून घेतलं, लॅपटॉपला लावलं, आणि सगळी मंडळी त्याच्याभोवती गोळा. दालनात, त्या पोस्टरांच्या भिंतीसमोर. नायिका, दिव्यांचा माणूस, पडदा ओढणारे आजोबा. आत्या मागे बाकावर टेकलेली, भिंगरी तिच्याशेजारी.

दिग्दर्शक फोटो सरकवत गेला. छान, छान, छान. आणि एका फोटोवर थांबला.

भिंगरीला लांबूनच कळलं कुठला ते.

खिडकी, उतरता उजेड, आणि नायिका. पण नायिका म्हणजे नुसता एक मऊ आकार. जणू ती तिथं आहे आणि नाहीही. पापण्या सोड, डोळेही नाहीत. कडेच्या पडद्याची झालर तेवढी लख्ख.

"हा," दिग्दर्शक म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला. "हा. हेच तर आहे ना आपलं नाटक. ती निघून चाललीय सगळ्यांच्या नजरेतून. मी दोन महिने हे तुम्हाला शब्दांत सांगतोय, आणि इथं एका फोटोत सगळं आलं. कुणी काढला हा?"

"गिरणी बंद केल्यावरचा पहिला," दिव्यांचा माणूस म्हणाला. "तेव्हा कॅमेरा आत्यांकडेच होता."

नायिकेच्या डोळ्यांत पाणी. आजोबांनी नाक ओढलं. दिग्दर्शक उठून आत्याजवळ आला आणि चक्क वाकला. "आत्या, मी तो ओळखीचा मुलगा वगैरे म्हणालो होतो, विसरा ते. हेच पोस्टर. मोठं नाव टाकू तुमचं, या वेळी कोपऱ्यात नाही."

आणि भिंगरी बघत होती, आत्याचा चेहरा असा उजळला जसा कुणी दिवा हळूहळू चढवत नेतंय. त्यांना कुणालाच माहीत नाही ना! त्यांना वाटतंय आत्यानं मुद्दाम केलं. आणि आत्याला वाटतंय, बोटांनी साथ दिली. अंधारात, मोटर नसताना, डाग असताना, आपल्या दोन बोटांनी अजून पापण्या पकडल्या.

मग आत्या भिंगरीकडे वळली. थोडी तिरकी, कारण समोर बघितलं की तिला भिंगरीच्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसतो. तिनं भिंगरीचा हात घट्ट धरला आणि विचारलं, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"भिंगरे, खरं सांग. पापण्या मोजता येतात ना तिच्या?"

येत नाहीत म्हणालं, तर ती बाई तो फोटो तिथंच पुसायला लावणार, नियम म्हणजे नियम, आणि तिला कळणार की बोटंही गेली. येतात म्हणालं, तर तिच्या नावाचं ते एवढं मोठं पोस्टर भिंतीवर लागणार, येणारे-जाणारे सगळे बघणार, आणि धूसर आहे हे फक्त तिलाच माहीत नसणार. आणि कबूल केलं होतं ना, खोटं नाही म्हणून. आणि कान तर गेलेले नाहीत तिचे.

सगळे भिंगरीकडे बघतायत. तिचा पाय हलायचा थांबलाय. आत्यानं हात धरलाय, सोडत नाहीये.

सांग ना. तू काय सांगितलं असतंस?